तीन नंबरच्या दारातले देव

सायरन वाजला आणि वरच्या माळ्यावरून बायका खाली धावत आल्या. धावत म्हणजे ड्रिलमध्ये धावतात तशा. एका हाताने ओढणी नाहीतर पदर सावरत, दुसऱ्या हाताने पुढचीला ढकलत, मध्येच खिदळत. जिना थेट तीन नंबरच्या दारापाशी उतरतो. दारावर हिरव्या दिव्यात पळणारा माणूस काढला आहे. बायका त्याच्या खाली आल्या आणि थांबल्या. सगळ्यांत पुढे होती ती दिघाशीची हौसा. तिने पायातल्या चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले. मागच्यांनीही काढल्या, मिटले. मग आपापल्या चपला हातात घेऊन सगळ्याजणी वळल्या आणि रॅकच्या लांबलचक बोळातून, चार्जिंगला लावलेल्या फोर्कलिफ्टच्या शेजारून, डिओच्या बाटल्यांच्या खोक्यांना वळसा घालून पुढच्या शटरकडे निघाल्या. कधीकाळी खरी आग लागलीच, तर ती याच बोळात लागेल, हे गोदामात सगळ्यांना माहीत होतं.

"एक नंबर!" गोदामाचा मॅनेजर धनेश शटरपाशी मोबाइलमधलं स्टॉपवॉच बंद करत म्हणाला. "सगळी जनता बाहेर. टाइम पण झकास. मॅडम, लिहा, समाधानकारक."

मॅडम म्हणजे विनिता तरे. कंपनीचा अंतर्गत लेखापरीक्षण विभाग मुंबईत आहे आणि भिवंडीत तो एकटी विनिताच आहे. त्यामुळे गोदामात तिला नावाने कुणी ओळखत नाही. ऑडिट आली, ऑडिट जेवायला गेली, ऑडिट आज लाल ड्रेस घालून आलीय, जपून राहा.

ऑडिटने टॅब मिटून काखेत मारला. विनिताला ओळखणारी माणसं अशा वेळी आपला चहाचा कप उचलून दुसरीकडे जातात.

विनिताचं माहेर दापोड्याचं. बापाची भातशेती होती तिथे आता गाळे आहेत, गाळ्यांत कुणाकुणाचा माल आहे, आणि दर महिन्याला भाडं आहे. तिचा भाऊ विशाल या व्यवस्थेवर अतिशय समाधानी आहे. त्याला बहिणीची नोकरी हा घराण्याला लागलेला एक किरकोळ आजार वाटतो.

"तायडे," तो म्हणतो, "आपल्याच गाल्यांचं भारं येतं घरान. तू कनाला दुसऱ्याचे गोदामान चुका हुडकत फिरतंस?"

"तुझ्या गोदामात हुडकू का?" ती विचारते. मग विशालला कुणाचा तरी फोन येतो.

तिच्या रागाची ख्याती जुनी आहे. स्वतःच्या हळदीच्या दिवशी तिला पाटावर बसवून पहिली हळद लावली, डीजे सुरू झाला, आणि नवरीला दिसलं की डीजेची वायर पाण्याच्या घंगाळाला टेकलेली आहे आणि बरोबर तिथेच तिचा जोड उघडा आहे. नवरी उठली. "वायर हलवल्याशिवाय मी बसणार नाही." डीजेवाला म्हणाला, "ताई, रोजचीच वायर हाय ती." लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारिणींनी धवला थांबवला. सासरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मावश्यांनी समजावलं, मामांनी दरडावलं, हळद वाळून नवरीच्या गालावर तिचे पापुद्रे निघाले, तरी नवरी उभीच. शेवटी विशालने शिव्या घालत वायर हलवली. सासरी आजही तिचा उल्लेख 'वायर' असा होतो. वायर त्या दिवशी कुणालाच लागली नाही, त्यामुळे विनिताचं बरोबर होतं हे कधीच सिद्ध झालं नाही. ऑडिटच्या माणसाच्या नशिबी हेच असतं. त्याचं ऐकलं तर काही घडत नाही, आणि काही घडत नाही म्हणून लोक म्हणतात, बघा, उगाच ओरडत होती.

कॉलेजनंतर ती एका वजनकाट्यावर बसायची. ट्रक काट्यावर आला की वजन वाढवायला आत लपून बसलेल्या क्लीनरला कान धरून खाली उतरवायची. काट्याच्या मालकाने तिला महिनाभर सहन केलं आणि मग तिच्या उज्ज्वल भविष्याची काळजी करायला लागला. तिथून ती या कंपनीत माल मोजायला आली. पुढे मुंबईच्या ऑफिसला भिवंडीत ऑडिटसाठी स्थानिक माणूस हवा झाला, तेव्हा सगळ्या मॅनेजरांनी एकमुखाने विनिताचं नाव सुचवलं. ती आपल्या खात्यातून जावी एवढाच त्यांचा हेतू होता. ती परत येऊन आपल्याच उरावर बसेल, हा विचार तेव्हा कुणाला सुचला नाही.

ऑडिटचं ऑनलाइन पोर्टल आलं तेव्हा मात्र तिला मनापासून आनंद झाला होता. आधी तिची निरीक्षणं मेलवर जात आणि मेलमध्येच त्यांचं क्रियाकर्म होई. पोर्टलची रीत निराळी. निरीक्षण लिहायचं, फोटो जोडायचा, जोखीम ठरवायची. ते त्या खात्याच्या माणसाकडे जातं, त्याने उत्तर द्यायचं. मग ते मुंबईला तिच्या साहेबांकडे तपासणीला जातं. दुरुस्ती झाल्याचा पुरावा आला की 'क्लोज्ड'. तोवर निरीक्षण लाल दिसतं, मग पिवळं, मग हिरवं. आणि मुख्य म्हणजे एकदा लिहिलेलं कुणाला पुसता येत नाही. हे ऐकून विनिताने त्या दिवशी घरी मटण केलं होतं. पुसता येत नसलं तरी सौम्य करता येतं, हे तिला मागाहून कळलं.

तीन नंबरच्या दाराची गोष्ट पोर्टलमधूनच सुरू झाली होती. वर्ष-दीड वर्षामागे त्या दाराचा कोपरा लालभडक होता. गुटखा खाणारा प्रत्येक माणूस जाता-येता तिथे आपली हजेरी लावून जायचा. विनिताने निरीक्षण नोंदवलं: तीन नंबरच्या दारापाशी थुंकतात, उपाय करावा. धनेशने उपाय केला. जिन्याच्या कोपऱ्याला जे औषध या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे तेच, देवांच्या टाइल्स. धनेश विचारी माणूस. नुसता गणपती लावला तर बाकीचे थुंकायला मोकळे राहतील म्हणून त्याने गणपती, देवी, मशिदीचा मिनार आणि क्रॉस अशा सगळ्या आणल्या. आणल्यावर कळलं की गोदामाची भिंत पत्र्याची आहे आणि पत्र्यावर टाइल बसत नाही. मग कंत्राटदाराने विटांची कमरेएवढी भिंत घातली. कोपरा पुरता झाकायचा तर ती दाराच्या निम्म्यावर आली. टाइल्स बसल्या, फोटो निघाला, पोर्टलवर चढला. फोटो जवळून काढलेला होता. त्यात देव होते, स्वच्छता होती, दार नव्हतं.

मग भिंतीच्या माथ्यावर कुणीतरी पणती ठेवली. गार्ड बाबू फुलं घालू लागला. दसऱ्याला पूजा झाली. नेलपॉलिश आणि डिओ ठेवलेल्या गोदामात सकाळ-संध्याकाळ उदबत्ती जळू लागली. एवीतेवी त्या दाराने कुणाला जाता येत नव्हतंच, म्हणून चोरीच्या भीतीने त्याला कुलूपही पडलं. यातलं कुठलंही एक पाऊल घ्या, मूर्खपणाचं म्हणता येणार नाही. सगळी मिळून वरच्या माळ्यावरच्या चाळीसेक बायकांची वाट बंद झाली, एवढंच.

"हे दार कधी उघडणार?" ड्रिलनंतर विनिताने धनेशला केबिनमध्ये गाठलं.

"कुठलं?"

"आगीला जरा थांब म्हणून जिथे बायकांनी आत्ता नमस्कार केला, ते."

"अच्छा, ते. ते देवस्थान आहे मॅडम."

"ते एक्झिट आहे."

"होतं," धनेश शांतपणे म्हणाला. "आता लोकांची श्रद्धा आहे. आणि ही भिवंडी आहे मॅडम. सगळ्या धर्मांच्या टाइल्स आहेत. एक हलवली तर कोण कुठून उठेल, सांगता येतं का? मी मॅनेजर आहे, कलेक्टर नाही."

"लावताना कुणाला विचारलं होतं?"

"तुम्हालाच की." त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा. थुंकण्याचं ऑब्झर्वेशन, दुरुस्ती मान्य, क्लोज्ड बाय विनिता तरे. प्रिंट देऊ?"

पोर्टलमध्ये पाहिजे त्या खात्यावर राग काढायची सोय आहे, स्वतःवर काढायची नाही. विनिता केबिनबाहेर आली आणि तिने टॅबवर, उभ्या उभ्या, दातओठ खात लिहिलं: तीन नंबरचं संकटकालीन दार विटांची भिंत आणि कुलूप यांनी बंद आहे. आग लागल्यास वरच्या माळ्यावरील महिलांना दुसरी सुरक्षित वाट नाही. जोखीम: उच्च.

धनेशचं उत्तर चहा संपायच्या आत आलं. कामगारांच्या धार्मिक भावना गुंतलेल्या असल्याने बदल शक्य नाही.

मग मुंबईहून शैलेश सरांचा व्हिडिओ कॉल आला. शैलेश सर म्हणजे विनिताचे साहेब, तिची निरीक्षणं तपासणारे. फार गोड बोलतात. त्यांच्या मागे नेहमी समुद्रकिनारा असतो, तो खोटा आहे.

"विनिता, मुद्दा एकदम व्हॅलिड आहे," सर म्हणाले. "फक्त 'बंद' हा शब्द जरा हार्श वाटतो."

"सर, बंद दाराला काय म्हणतात?"

"म्हणजे बघ, 'वापरावर मर्यादा आहेत', असं काही."

"मर्यादा नाहीत सर. वापरच नाही."

"टोन, विनिता, टोन. कमिटीची मीटिंग आहे महिनाअखेर. लाल दिसलं की ते प्रश्न विचारतात."

"म्हणूनच तर ते लाल असतं ना सर?"

समुद्र क्षणभर अडकला. नेटवर्क असेल.

दुसऱ्या दिवशी तिने पोर्टल उघडलं तर दाराच्या वापरावर मर्यादा होत्या आणि जोखीम मध्यम होती. आठवड्याने पाहिलं तर दाराच्या वापरात सुधारणेला वाव होता आणि जोखीम कमी होती. भिंत तिथेच होती, कुलूप तिथेच होतं, बायका वरच होत्या. दार मात्र पोर्टलमध्ये हळूहळू उघडत चाललं होतं. खाली निरीक्षकाचं नाव होतं तेवढं शाबूत, विनिता तरे. तिने दर वेळी जोखीम पुन्हा 'उच्च' केली, दर वेळी सरांनी ती प्रेमाने उतरवली, जशी तापातल्या पोराच्या कपाळावर आई पट्टी ठेवते.

शेवटी सर म्हणाले, "असं करू, 'रिस्क ॲक्सेप्टेड' टाकू. जोखीम माहीत आहे, मॅनेजमेंटने ती स्वीकारली आहे. विषय संपला."

"कुणी स्वीकारलीय?"

"मॅनेजमेंटने."

"नाव घालावं लागतं सर. तिथे रकाना आहे."

रकाना होताच. सरांनी त्यात धनेशचं नाव घालून पाठवलं. धनेशने ते सेफ्टीवाल्यांकडे ढकललं. सेफ्टीवाले म्हणाले, प्रश्न भावनांचा आहे, एचआरकडे न्या. एचआर म्हणाले, आमच्याकडे भावना माणसांच्या येतात, भिंतींच्या ॲडमिनकडे. ॲडमिनवाले रजेवर होते. मग पोर्टलने आपला नियम लावला. ज्याला धनी नाही ते परत मूळ निरीक्षकाकडे. एका सकाळी विनिताने टॅब उघडला तर वरच लिहिलं होतं, 'पेंडिंग विथ: विनिता तरे'. वरच्या माळ्यावरच्या बायका आगीत सापडल्या तर ते विनिता तरेला मान्य आहे काय, असं पोर्टल अदबीने विचारत होतं. खाली दोन बटणं होती. एकावर 'स्वीकारा' आणि दुसऱ्यावर 'नंतर आठवण करा'.

तिने टॅब टेबलावर असा आपटला की धनेशच्या केबिनमधला कॅलेंडरचा खिळा हलला. मग ती ताडताड जिना चढून वर गेली.

वर जेवणाची सुट्टी होती. परत आलेल्या मालाच्या ढिगांमध्ये जागा करून बायका डबे खात होत्या. हौसा मध्ये बसली होती, गुडघा वर घेऊन, भाकरीचा तुकडा बोटांत धरून. पूर्वी ती वीटभट्ट्यांवर कामाला जायची. आता लोकांनी एकदा लावून परत पाठवलेल्या लिपस्टिका तपासते.

"खालचे देव कुणाचे आहेत?" विनिताने विचारलं.

घास थांबले.

"कुणाचे म्हंजे?" हौसा म्हणाली. "आमचे न्हाय बाय. आमचा वाघदेव डोंगराखाली हाय, मोकल्यावर. त्यो पत्र्याच्या गोदामान कशाला येल उकडाया?"

"मग चपला काढून पाया का पडतेस?"

"बाबू फुलां घालतो त्याला बघून. वाटला, कुनाचा तरी आसंल. उगा खोड कशाला?"

शेजारी नसरीन होती, शांतिनगरची, नवरा पॉवरलूमवर कामाला. ती हसली. "दीदी, मैं तो हौसाको देखके रुकती हूँ। अकेली निकल जाऊँ तो बोलेंगे घमंडी है।"

बाकीच्या नसरीनला बघून थांबत होत्या. विनिताने जिन्यातूनच ओरडून बाबूला बोलावलं. बाबू टोपी सावरत आला.

"हमारा क्या है मॅडम? धनेशसाब बोले थे, बाबू, फूल सूखा नहीं दिखना चाहिए। हम बदल देते हैं।"

कामगारांच्या धार्मिक भावनांचा असा माग काढत गेलं तर तो सरळ धनेशच्या केबिनमध्ये जाऊन पोचत होता. ऑडिटमध्ये याला ट्रेल म्हणतात, आणि तो क्वचितच इतका सुबक मिळतो.

"मग काढूया ना ते देव तिथून," विनिता म्हणाली.

सगळ्या बायका एकदम डबे आवरायला लागल्या. पूर्वा नावाची नवी मुलगी डब्याचं झाकण लावत बसली, जे आधीच लागलेलं होतं.

"न्हाय," हौसा म्हणाली.

"आत्ता तर म्हणालीस तुमचे नाहीत!"

"न्हायच आमचे. पन त्या कोपऱ्यान धनेशसायब शिवी देत न्हाय."

विनिताला आधी कळलंच नाही. मग हौसाने सांगितलं, आणि तिच्याआड बाकीच्यांनी. धनेशच्या तोंडात आई-बहिणीवाचून वाक्य नाही. मोजणी चुकली, शिवी. उशीर झाला, शिवी. लघवीला दोनदा गेली, शिवी आणि वर हसू. पण देवांसमोर तो जीभ आवरतो. म्हणून त्याला काही सांगायचं असलं, सुट्टी मागायची असली, की बायका कुठलं तरी निमित्त काढून त्याला तीन नंबरच्या दाराशी नेतात. सगळ्या गोदामात तेवढीच जागा आहे जिथे त्यांच्याशी माणसासारखं बोललं जातं.

"आगीचा काय बाय," हौसा म्हणाली, "आग लागंल तवा लागंल. शिवी रोज लागते."

विनिता खाली बसली. तिची पोर्टलमधली निरीक्षणं वर्षानुवर्षांची होती. खोक्यांवरची धूळ, रॅकचे वाकलेले खांब, एक्स्पायरी झालेला माल, सगळं होतं. हे कुठेच नव्हतं. तिने कधी विचारलं नव्हतं, आणि पोर्टलमध्ये त्याला रकानाही नव्हता. तिचा राग इतका वेळ धनेशवर होता, शैलेश सरांवर होता. आता तो कुठे ठेवावा हे तिला सुचेना.

"मंग देव त्याच्या केबिनान नेले तर?" हौसाने डबा पुसत पुसत विचारलं, जणू भाजीचा भाव विचारावा.

"देव हलतात?"

"न हलाया काय झाला? आमचा पाडा नदीकडून वर आला तवा देव बी आनला. त्याला नारल दिला, सांगितला, चल बाबा, आमी चाललो. आला."

"आणि आला नसता तर?"

"मागं त्याला पानी कोन घालनार व्हता? येतोच."

दुसऱ्या दिवशी धनेश दापोड्याच्या गोदामात मीटिंगला गेला होता. जेवणाच्या सुट्टीत बायका तीन नंबरच्या दारापाशी जमल्या. ऑडिटच्या माणसाने फक्त बघायचं असतं, हात लावायचा नसतो, असा नियम आहे. विनिता हाताची घडी घालून उभी राहिली. नारळ मात्र तिने आणला होता. त्याची नोंद कुठे नाही.

हौसाने नारळ फोडला, तांदळाचे दाणे ठेवले आणि देवांशी ती अशा आवाजात बोलली जशा आवाजात बिऱ्हाड हलवताना घरातल्या म्हाताऱ्याशी बोलतात. मग तिने खराट्याच्या मुठीने पहिल्या टाइलची कड उचकटली. टाइल सरळ हातात आली. कंत्राटदाराने सिमेंटमध्ये जी काटकसर केली होती ती आज पहिल्यांदा कुणाच्या तरी कामी येत होती. गणपती हौसाने घेतला. मिनाराची टाइल नसरीनने ओढणीत घेतली, "हमारी वाली मैं उठाती हूँ" म्हणत. देवी दोघीतिघींनी मिळून घेतली, कारण तिला सगळ्यांनाच हात लावायचा होता. क्रॉसची टाइल घ्यायला त्या धर्माचं कुणी नव्हतं. ती पूर्वाने घेतली, तिचे हात रिकामे होते. अशी ती मिरवणूक रॅकच्या बोळातून धनेशच्या केबिनमध्ये गेली आणि त्याच्या खुर्चीच्या मागच्या फळीवर, फायली सरकवून, सगळे ओळीने बसले. बाबूने फुलं घातली. सांगितलेलं काम तो करतोच.

मागे दारात उरल्या नुसत्या विटा. कालपर्यंत ज्या भिंतीला हात लावायची कुणाची छाती नव्हती ती हौसाने आणि चौघींनी सुट्टी संपायच्या आत उतरवून बाजूला रचली. किल्ली बाबूच्या जुडग्यात होती, मधोमध. दार गंजून बसलं होतं. सगळ्यांनी खांदे लावले तेव्हा ते कळवळून उघडलं. बाहेर गवत होतं, ट्रकची जुनी टायरं होती आणि भरपूर ऊन होतं.

धनेश आला तो सरळ केबिनमध्ये. "हे कुठल्या भ—" एवढं बोलून त्याने मान वळवली, आणि उरलेला शब्द गिळला.

"काढा हे," तो हळू म्हणाला.

"कामगारांच्या धार्मिक भावना गुंतल्या आहेत," विनिता दारातून म्हणाली. "तुमचंच उत्तर आहे. प्रिंट देऊ?"

"मॅडम, मला काम करायचं असतं इथे. माणसांशी बोलावं लागतं."

"बोला ना."

धनेशने बोलायचा प्रयत्न केला. पण त्याची भाषा निम्मी वजा झाली होती आणि उरलेल्या निम्म्यात त्याला राग व्यक्त करता येईना.

विनिताने उघड्या दाराचा फोटो काढला. पोर्टल उघडलं तर निरीक्षण तिथे लालही नव्हतं, पिवळंही नव्हतं. शैलेश सरांनी ते सकाळीच स्वतःकडे ओढून हिरवं केलं होतं. जोखीम कमी, क्लोज्ड. बंद झालेल्या निरीक्षणाला फोटो जोडता येत नव्हता. तिने फोन लावला.

"सर, दार उघडलंय. फोटो कुठे टाकू?"

"अरे वा, उघडलं? छान!" सर म्हणाले. "फोटो नको पण टाकूस."

"का?"

"आज उघडलं असं दिसलं, तर मी क्लोज केलं तेव्हा ते बंद होतं असं दिसेल ना."

विनिताने फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. वजनकाटा, हळद, वायर, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. दार बंद असताना पोर्टल म्हणत होतं उघडं आहे. दार उघडलं तर ते सांगायला पोर्टल बंद. "टोन सांभाळून सांगते सर," ती म्हणाली, "मी आत्ता ड्रिल घेतेय," आणि फोन ठेवला. पूर्वसूचनेशिवाय ड्रिल घ्यायला लावायचा अधिकार ऑडिटला आहे. मोठे अधिकार मिळाले नाहीत तेव्हा हा चुकून मिळून गेला होता.

बाबूने सायरन दाबला. वर धडधड झाली. बायका जिना उतरल्या, ओढण्या सावरत, ढकलत. समोर दार सताड उघडं होतं. भिंत नव्हती, पणती नव्हती, एकही देव नव्हता. हौसा सगळ्यांत पुढे होती. ती दाराशी आली, आणि थांबली. तिने पायांकडे पाहिलं. वाकली. एक चप्पल काढली. मागे नसरीन वाकली, तिच्यामागे पूर्वा, आणि जिन्यावर वरपर्यंत एकेक बाई वाकत गेली.

विनिता ऑफिसात नेहमी नीटस, छापील मराठी बोलते. त्या क्षणी ती दापोड्याची झाली.

"आगो भवान्यांनो! चपला कनाला काढतांव? मरायचं हाय का? पला भायेर, पला!"

पत्रा थरारला. बायका जशा होत्या तशा, कुणाची एक चप्पल पायात, कुणाची हातात, दारातून बाहेर फेकल्यासारख्या गेल्या. त्या कोपऱ्यात पुष्कळ महिन्यांनी पहिली शिवी उमटली होती, आणि ती ऑडिटने दिली होती.

बाहेर गवतात हौसा कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. "बाय, केवढ्यान वरडतंस! मना वाटला खरीच आग लागली."

"तसंच वाटलं पाहिजे." विनिताचा आवाज अजून खाली आला नव्हता. तिने दारात पडलेली हौसाची चप्पल उचलून तिच्यापुढे टाकली. "घाल पायात, आणि चला वर सगळ्या."

"वर कशाला आता?"

"पुन्हा उतरायला."

"आनि मंग?"

"मग पुन्हा. दारात आल्यावर पायाकडे बघायचं सुटेपर्यंत."

धनेश आता शटर सोडून तीन नंबरच्या दारापाशी स्टॉपवॉच घेऊन उभा होता. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, विनिताकडे पाहिलं, आणि स्टॉपवॉच पुन्हा शून्यावर आणून ठेवलं.